उच्च शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

(रनाळे येथे विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीच्या बंधूंनी आम्हाला सांगितलं, "दादा, या वर्षी तुम्ही शिक्षणावर बोला." आम्ही म्हणालो, आम्ही आठवी शिकलेले गिरणी कामगार. आमची हयात सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडण्यात गेली. शिक्षणावर बोलायला प्राध्यापक बोलवा. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही फी भरली आहे ना, मग बोला." म्हणून आम्ही आज फीवर बोलणार आहोत. शिक्षणाचं महत्त्व या व्यासपीठावरून दरवर्षी सांगून झालं आहे. वाघिणीच्या दुधाची गोष्टही दरवर्षी होते. दूध प्यावं हे सर्वांना पटलं आहे. ते कितीला मिळतं आणि पैसे कोणी द्यायचे, एवढंच बोलायचं राहून गेलं.

खर्च म्हटला की लोक फीचा आकडा सांगतात. पण बारावीचा निकाल लागल्या दिवसापासून जे पैसे जायला लागतात ते फीच्या पावतीवर दिसत नाहीत. जातीचा दाखला, जात वैधता, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, झेरॉक्स, फोटो, ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्याचे पैसे. एका दाखल्यासाठी तीन चकरा, म्हणजे तीन खाडे, म्हणजे तीन दिवसांची मजुरी. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो आणि जिल्हा कचेरीचं काम निघालं की धुळे गाठावं लागायचं. जुन्या लोकांना ते आठवत असेल. आता कचेरी जवळ आली. कागद मात्र वाढले.

त्यानंतर प्रवास. रनाळ्याहून नंदुरबारला किंवा दोंडाईच्याला शिकायला जायचं तर एसटी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. बारावी झाली, खऱ्या कॉलेजची वेळ आली, की तो पास संपतो आणि सवलतीच्या पासाचे तीनातला एक हिस्सा पैसे सुरू होतात. मुलगा धुळे, नाशिक, पुण्याला गेला तर खोलीचं डिपॉझिट, भाडं आणि मेस. सरकारने 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना काढली. ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत आणि लहान शहरात त्याहून कमी रक्कम मिळते. योजना चांगली आहे, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण घरमालक जूनमध्ये भाडं मागतो आणि स्वाधारची रक्कम जूनमध्ये येत नाही.

आता फी. आपल्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं तर शिष्यवृत्ती आणि त्याच्या वर असलं तर फ्रीशिप. म्हणजे कागद बघितला तर आपल्या मुलाची शिकवणी फी शून्य. मग अडलं कुठे? अडलं ते खिडकीवर. खिडकीमागचा माणूस म्हणतो, "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घेऊन जा." पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, असे आदेश शासनाने कितीदा काढले. ते आदेश खिडकीपर्यंत पोचत नाहीत. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने या योजनेची घडी बदलली. केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के हिस्सा, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात. थेट खात्यात पैसे, ऐकायला बरं वाटतं. पण ते येतात कधी? आणि आले त्या दिवशी घरात आजारपण असलं, दुकानदार दारात उभा असला, तर ते कॉलेजपर्यंत जातात का? त्याच वेळी ठरवलेल्या दरात बी.ए., बी.एस्सी.ला घरून ये-जा करणाऱ्या मुलाला शैक्षणिक भत्ता वर्षाला 3,000 रुपये धरला, म्हणजे महिन्याला अडीचशे. मेसच्या किती जेवणांना तो पुरेल, ते मुलांनीच सांगावं.

बंधू-भगिनींनो, हे सगळं आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरची गोष्ट आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो.

सन 2012. आमची मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि मुलगा दहावी होऊन पॉलिटेक्निकला लागला. कॉलेजची नावं घेत नाही, त्याने काही साधत नाही. दोघांनाही शिष्यवृत्ती लागू होती आणि दोन्ही खिडक्यांवर एकच उत्तर मिळालं. आमच्याकडे बोनसचे आणि पतपेढीच्या कर्जाचे मिळून 18,000 रुपये होते. मुलाचे फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान आणि खोली मिळून तेवढ्यातच संपत होते. रात्रपाळीला जाण्याआधी आम्ही नवरा-बायको बोलत बसलो. मुलगी मोरीत भांडी घासत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तिच्या आईने विचारलं, "आनि आंडेरनं काय?"

आम्ही म्हणालो, "मुलाचे पैसे परत आले की पुढच्या वर्षी तिचं बघू. मुलाचं वर्ष गेलं तर नोकरी जाईल. मुलगी काय, घरातच आहे."

हे आम्ही बोललो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला, दर पौर्णिमेला वंदनेला बसणारा, चौदा एप्रिलला शिक्षणावर घोषणा देणारा माणूस हे बोलला. मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला नाही. मुलीने एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही त्याला समंजसपणा समजलो आणि सायकल काढून पाळीला गेलो.

मुलाच्या शिष्यवृत्तीचे पैसे आले 2014 च्या फेब्रुवारीत. मुलीचं लग्न मे 2013 मध्ये होऊन गेलं होतं.

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वर्षावासात आपल्या विहारात धनंजय कीर यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र वाचायला घेतलं होतं. आपण म्हणतो, बाबासाहेब स्वकष्टाने शिकले. ते खरंच आहे. पण त्या कष्टाला पैसा कोणी पुरवला, याचा हिशेब मांडावा म्हणून आम्ही एका वहीत नोंदी केल्या. हजेरीवहीची सवय, दुसरं काय.

पहिली नोंद वडिलांची. सुभेदार रामजी पेन्शनवर घर चालवायचे. मुलाला पुस्तक हवं आणि हातात पैसा नाही, तर लग्न झालेल्या लेकीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, सावकाराकडे गहाण ठेवायचे आणि पुस्तक घ्यायचे. दुसरी नोंद बडोद्याचे सयाजीराव महाराज. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या शिक्षणासाठी महिना 25 रुपये मिळू लागले. तिसरी नोंदही बडोद्याचीच. 4 जून 1913 ला करार झाला, अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी. चौथी नोंद वाचून तर आम्ही थांबलोच. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परत यावं लागलं. एवढ्या विद्वान माणसाचंही शिक्षण पैशापायी मध्येच तुटलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगार शिलकीत टाकला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने 5,000 रुपये उसने दिले, तेव्हा 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. आणि शेवटची नोंद माता रमाईंची. त्यांच्या नावापुढे रुपये किती लिहायचे ते आम्हाला कळेना, म्हणून ती जागा कोरी ठेवली.

त्या दिवशी आमची मुलगी माहेरी आली होती आणि वाचनाला बसली होती. घरी आल्यावर वही चाळत तिने हसत हसत विचारलं, "आप्पा, सुभेदारांनी लेकीचा दागिना गहाण ठेवला. पण पेन्शन आल्यावर सोडवून तिला परत दिला. पुस्तकात तसं आहे ना?"

आम्ही म्हणालो, "आहे."

"मग माझं कॉलेज कधी सोडवणार?"

बंधू-भगिनींनो, गिरणीत आम्ही मॅनेजरला तोंडावर उत्तरं दिली, युनियनच्या गेटसभेत भाषणं केली. त्या दिवशी आम्हाला बोलता आलं नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो. खर्च कोणी सोसावा? आमचं उत्तर स्पष्ट आहे. फी सरकारने भरावी. ही भीक नाही, कारण तो पैसा आपण आधीच दिलेला आहे. हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हाच हिशेब सरकारपुढे ठेवला की तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेत होते. त्यातून शाळा चालायच्या, आणि त्या शाळांत शेतकऱ्याची आणि अस्पृश्याची मुलं किती होती ते जोतीरावांना चांगलं ठाऊक होतं.

पुढे 12 मार्च 1927 ला मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलले. ते भाषण शासनाने छापलेल्या इंग्रजी खंडांपैकी दुसऱ्या खंडात आहे. आम्ही ते मुलाकडून वाचून, समजून घेतलं. त्यांनी सभागृहाला दाखवून दिलं की सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं 14 आणे आणि अबकारीतून माणशी वसूल करतं 2 रुपये 2 आणे 9 पै. म्हणजे दारूच्या गुत्त्यावरून जेवढं घेतलं त्याच्या निम्मंसुद्धा शाळेवर नाही. जेवढं देऊ तेवढं वसूल करू, असला व्यवहार शिक्षण खात्यात चालणार नाही आणि खालच्या वर्गांसाठी शिक्षण होईल तितकं स्वस्त झालं पाहिजे, हेही त्यांनी तिथेच मांडलं.

आजचा हिशेब काय वेगळा आहे? मोबाईलचं रिचार्ज मारलं की त्यात 18 टक्के कर जातो. तो मजुराचा आणि कारखानदाराचा सारखाच कापला जातो. प्राप्तिकरावर 2004 साली 2 टक्के शिक्षण उपकर बसवला, 2018 पासून तो आरोग्य धरून 4 टक्के झाला. आपल्या राज्यात 1962 चा शिक्षण उपकराचा कायदा आहे. उपकर शिक्षणाच्या नावाने घ्यायचा आणि शिकायला आलेल्याला खिडकीवर परत फी मागायची, हा कुठला न्याय? कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचा 6 टक्के भाग शिक्षणावर घाला. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तोच 6 टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. चोपन्न वर्षांनी तेच लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

उलट झालं काय, तर 1983 पासून आपल्या राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना दारं उघडली. देणग्या एवढ्या वाढल्या की 1987 साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाच्या टी.एम.ए. पै निकालाने खाजगी संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि नफेखोरीला मनाई झाली. मोकळीक ताबडतोब लागू झाली, मनाई कुठे लागू आहे ते आम्ही अजून शोधतो आहोत.

आणि ही शिष्यवृत्तीसुद्धा आपोआप मिळालेली नाही. 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी निवेदन देऊन भांडण मांडलं, तेव्हा 1944 पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1956 ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीत राहिलो नाही. 1960 साली महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा दुरुस्त व्हायला 1990 साल उजाडलं. मधल्या चौतीस वर्षांत किती दाखले परत आले असतील, त्याची नोंद कोणत्या वहीत नाही.

आमचे एक शिक्षक बंधू म्हणतात, फुकट मिळालं की किंमत राहत नाही, थोडी फी असावी. आम्ही त्यांना एवढंच विचारतो. ज्यांच्या तीन पिढ्या अनुदानित कॉलेजात नाममात्र फी भरून डॉक्टर, वकील, इंजिनिअर झाल्या, त्यांना शिक्षणाची किंमत राहिली नाही, असं तुम्ही कधी म्हणालात का? आपली पाळी आल्यावरच किंमत कशी आठवते?

दुसरे म्हणतात, कर्ज काढा. बँकेचं शैक्षणिक कर्ज ज्याला मिळतं त्याने जरूर घ्यावं, आम्ही अडवत नाही. पण बडोद्याच्या करारात दहा वर्षे नोकरीची अट होती, म्हणजे पुढे नोकरी तरी होती. बँकेच्या करारात हप्ता आहे, नोकरी नाही. मग पोरगा हप्त्याच्या धाकाने मिळेल ते काम धरतो. आपल्या भागात तर तेवढंही होत नाही. प्रवेशाचे पैसे जमले नाहीत की पोरगं आठ दिवसांत सुरतच्या गाडीत बसतं आणि उधना-पांडेसऱ्याला मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला लागतं. तापीच्या या रेल्वेलाईनने आपली किती कॉलेजं नेली, ते प्रत्येकाने आपल्या भावकीत मोजून बघावं.

तेव्हा सरकारने भरावं, हे पक्कं. त्यासाठी अर्ज, मोर्चा, जे करावं लागेल ते करूच. पण सरकारचं येणं आणि कॉलेजची तारीख यांच्यामध्ये आठ महिने, कधी वर्ष, कधी दीड वर्ष जातं. ते आठ महिने कोणी भरायचे? आजवर ते कोणी भरले, ते आम्ही आमच्या घरचं सांगितलं. तुमच्याही घरात मोरीत कोणीतरी भांडी घासत होतं का, ते तुम्ही आठवा. आम्ही विचारणार नाही.

एवढ्यासाठी समितीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे. वर्धापन दिनाचा जमाखर्च आजच्या अहवालात छापला आहे. मंडप किती, भोजनदान किती, मिरवणुकीचा साउंड किती, ते वाचा. भोजनदानाला हात लावू नका. साउंडचे निम्मे पैसे दरवर्षी शिक्षण निधीला काढा. ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी महिना 100 रुपये द्यावेत. जे शिष्यवृत्तीवर शिकून नाशिक-पुण्याला स्थायिक झाले, त्यांना पत्र पाठवू. 18 मार्च 1956 ला आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल जे कळवळून बोलले, त्यावर आपण टाळ्या वाजवतो. ते शिकलेले म्हणजे दुसरे कोणी, असं समजून वाजवतो.

या निधीतून फी माफ करायची नाही. प्रवेशाच्या वेळी बिनव्याजी रक्कम द्यायची आणि शिष्यवृत्ती खात्यात आली की ती परत घ्यायची, म्हणजे तोच पैसा दुसऱ्याला फिरेल. कोणी बुडवील का? बुडवील एखादा. पतपेढीतही बुडवतात. आणि एक नियम आम्ही हट्टाने घालायला लावला आहे. एका घरातून भाऊ-बहीण दोघांचे अर्ज आले तर आधी बहिणीचा मंजूर होईल. यावर समितीत दोन बैठका वाद झाला. एक जण म्हणाले, दादा, हे तुम्ही तुमच्या मुलीसाठी करता आहात. आम्ही म्हणालो, हो.

जिथे पात्र विद्यार्थ्याकडून फी मागतील तिथे लेखी मागणी मागा, आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या. मूळ दाखले अडवून ठेवता येत नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच बजावलं आहे, तेही अर्जात लिहा. अर्जाचा नमुना विहारात ठेवला आहे. तो आमच्या मुलीने लिहिला आहे. ती आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी आम्ही भरली, दोन महिन्यांच्या ओव्हरटाईममधून. एक पेपर राहिला आहे, कारण त्या दिवशी तिच्या सासूबाई दवाखान्यात होत्या. सायन्स मात्र तिला परत मिळालं नाही. मुलगा चाकणला कंपनीत आहे. निधीसाठी तो महिना 300 पाठवीन म्हणाला आहे, बघू.

येत्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर निधीची वही उघडायची आहे. वहीवर दोन सह्या लागतील, त्यातली एक महिला मंडळाची. ज्यांची मुलं-मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी उत्पन्नाच्या दाखल्याचं काम आत्ताच लावावं, जूनमध्ये तहसीलला रांग असते. आमचे 500 रुपये समितीकडे जमा आहेत, पावती क्रमांक एक.

जयभीम. नमो बुद्धाय.